माळ्यावरचीं चाकें : ओळख आधीं, मोल मागाहून

एकत्र कुटुंबाच्या घरांत माळा म्हणजे त्या कुटुंबाचा अलिखित इतिहासच असतो. आजोबांची पत्र्याची ट्रंक, लग्नकार्यांतलीं मोठालीं पातेलीं, मोडका पाळणा, कोणा काकांनीं परदेशाहून आणलेलें आणि कोणासहि न समजणारें एखादें यंत्र, अशा वस्तु तेथें वर्षानुवर्षें निश्चिंत पडून असतात. त्यांची आठवण होते ती दोनच प्रसंगीं : घर पाडून नवें बांधावयाचें ठरलें म्हणजे, किंवा भावाभावांनीं वांटण्या करावयाचें ठरविलें म्हणजे. अशा वेळीं जी वस्तु कोणास ओळखतां येत नाहीं तिची किंमत दोन टोकांस जाते. कोणी ती भंगारांत घालूं पाहतो, तर कोणी ती लाखांची आहे असें मनाशीं धरून बसतो. आणि घरांत शब्दास शब्द लागण्यास तेवढें निमित्त पुरतें.

सावंगी (मेघे) येथील एका वाचक-कुटुंबाचें असेंच एक पत्र आम्हांस आलें आहे. वर्धा शहरास लागून असलेलें हें गांव आज तेथील वैद्यकीय महाविद्यालयामुळें आणि आचार्य विनोबा भावे यांच्या नांवाच्या रुग्णालयामुळें सर्वपरिचित आहे. वर्ध्याकडचें चाक म्हटलें कीं तें चरख्याचें, अशी आपली समजूत. परंतु या पत्रांतलीं चाकें निराळींच निघालीं. पत्र लिहिणारे गृहस्थ तिघां भावांतील वडील. त्यांचे काका विलायतेंत डॉक्टर होते. ते १९७४ सालीं परत आले तेव्हां त्यांनीं आपली लहानशी मिनी मोटार बरोबर आणिली होती. पुढें मोटार विकली गेली, काकाहि निवर्तले, आणि तिचीं पांच जास्तीचीं चाकें तेवढीं माळ्यावर राहिलीं. आतां वांटण्यांच्या वेळीं भंगारवाल्यानें तीं वजनावर मागितलीं आहेत. पुण्याचे धाकटे बंधु म्हणतात कीं, हीं ‘अलॉय’चीं दुर्मिळ चाकें असून लाखांच्या घरांत जातील. घरांतल्या पुतण्यानें तर नागपुरांत काकांची मूळ गाडीच शोधून काढली असून, हीं चाकें तिला बसवून ती रस्त्यावर आणण्याचा त्याचा निश्चय आहे. ‘आम्हीं काय करावें?’ असा प्रश्न आहे. पत्राच्या अखेरीस, जातां जातां, ‘काकू आमच्याकडेच असतात’ असें एक वाक्य आहे. त्या वाक्याकडे आम्ही शेवटीं येऊं.

प्रश्नाचें उत्तर एका आंकड्यांत देतां येणार नाहीं. कारण चाकाचें मोल दोन प्रकारचें असतें. एक, जुनी वस्तु म्हणून. दुसरें, जिच्यावर चार माणसांचा जीव तोलावयाचा अशी कामाची वस्तु म्हणून. पितळेचा जुना समई-दिवा तेल गळूं लागला तरी देवघरांत शोभतो. जुन्या चाकाचें तसें नाहीं. तें भिंतीवर कितीहि मोलाचें असलें तरी रस्त्यावर घातक ठरूं शकतें. हे दोन हिशेब निराळे ठेवले म्हणजे अर्धा घोळ मिटतो. आणि दोन्हीं हिशेबांच्या आधीं वस्तु ओळखली पाहिजे.

आपल्या बैलगाडीच्या चाकास तुंबा, आरे आणि वर चढविलेली लोखंडी धाव असते. आरंभींच्या मोटारींचीं चाकें याच घाटाचीं, लांकडी आऱ्यांचीं होतीं. पुढें सायकलीसारख्या तारांच्या आऱ्यांचीं चाकें आलीं. इंग्लंडांत रज-व्हिटवर्थ आणि इटलींत त्यांच्या परवान्यानें बनविणारे बोरानी यांचीं नांवें त्यांत प्रसिद्ध आहेत. अखंड ओतीव हलक्या धातूच्या चाकाचा गाजलेला आरंभ म्हणजे बुगाटीची ‘टाइप ३५’ ही मोटार. १९२४ च्या ऑगस्टांत फ्रान्समधील लियों येथील शर्यतींत ती उतरली तेव्हां तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांस आठ रुंद, चपटे आरे होते आणि ब्रेकचा ढोल चाकाबरोबरच ओतलेला होता. त्या दिवशीं टायरांनीं दगा दिला, पण चाकांची कल्पना टिकली. चाक हलकें असलें म्हणजे तें खांचखळग्यांवरून लवकर सांवरतें आणि गाडी रस्ता धरून राहते, हें त्यांतील तत्त्व.

दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियमहूनहि हलका असा मॅग्नेशियम धातु शर्यतींच्या मैदानावर आला. अमेरिकेंत टेड हॅलिब्रँड यांनीं, इटलींत सायकलींच्या सामानाकरितां नांवाजलेल्या कॅम्पान्योलो कारखान्यानें आणि क्रोमोडोरानें अशीं चाकें काढलीं. इंग्लंडांत १९६० नंतरच्या दशकांत ‘मिनिलाइट’ हें आठ आऱ्यांचें मॅग्नेशियमचें चाक निघालें आणि लहानग्या मिनी मोटारींच्या शर्यतींमुळें घरोघर ठाऊक झालें. जर्मनींत फुक्स कारखान्यानें १९६६ सालीं पोर्शे ९११ एस या मोटारीसाठीं जीं पांच पाकळ्यांचीं चाकें केलीं तीं मात्र ओतीव नसून अ‍ॅल्युमिनियम दाबून घडविलेलीं आहेत. घडीव चाक ओतीवापेक्षां चिवट असतें, म्हणून हा भेद ध्यानांत ठेवावा. विलायतेंत शिकावयास किंवा नोकरीस गेलेल्या पिढीनें जीं चाकें सामानांतून आणिलीं, तीं बहुधा याच काळांतलीं असतात.

ओळख पटविण्यासाठीं चाक उताणें नव्हे, पालथें पाहावें. दर्शनी बाजूचा घाट कोणासहि नकलतां येतो. खरी जन्मपत्रिका मागल्या बाजूस असते. आऱ्यांच्या पाठीवर व तुंब्याभोंवतीं कारखान्याचें नांव, सांच्याचा क्रमांक, माप आणि पुष्कळदां ओतण्याचा महिना व वर्ष असतें. ‘५ जे × १३’ असें असल्यास रुंदी ५ इंच, कांठाचा घाट ‘जे’ जातीचा आणि व्यास १३ इंच असा अर्थ. ‘ईटी’ या अक्षरांपुढील आंकडा म्हणजे, चाकाची मध्यरेषा आणि तें जेथें गाडीस टेकतें ती बैठक यांतील अंतर मिलिमीटरांत. जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ आणि जर्मन चाकांवर ‘केबीए’ हीं अक्षरें आढळतात. १९६० च्या म्हणून सांगितलेल्या चाकावर अशी खूण दिसली तर तें पुढल्या काळाचें आहे असा संशय घ्यावा. अक्षरें ओतीव म्हणजे धातूबरोबर उठून आलेलीं आहेत, कीं मागाहून ठोकलेलीं आहेत, तेंहि बोटानें चाचपून पाहावें.

त्यानंतर मापें. बोल्टांच्या छिद्रांच्या मध्यांतून जें वर्तुळ जातें त्याचा व्यास ही चाकाची जात होय. छिद्रें चार असल्यास एका छिद्राच्या डाव्या कडेपासून समोरच्या छिद्राच्या डाव्या कडेपर्यंत मोजलें कीं तो व्यास मिळतो. पांच असल्यास शेजारशेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतरास १.७ नें गुणावें. मिनीचा व्यास ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, ट्रायम्फ हेराल्डचा ९५.२५, एमजीबीचा ११४.३, फियाट घराण्यांतील पुष्कळ गाड्यांचा ९८, आणि पोर्शे ९११ चा पांच छिद्रांचा १३०. पुढल्या काळांतील अनेक गाड्यांचा व्यास १०० आहे, आणि फसगत होते ती येथेंच. ९८ चें किंवा १०१.६ चें चाक १०० च्या गाडीवर जोर करून चढवितां येतें. पण मग बोल्ट किंचित् कललेले राहतात, नट आपल्या बैठकीवर पुरते बसत नाहींत, आणि धांवतां धांवतां ढिले होतात. म्हणून हें माप शिवणकामाच्या फितीनें घेऊं नये, व्हर्नियरनें घ्यावें.

तिसरी परीक्षा धातूची. एक घन सेंटिमीटर पोलाद सुमारें ७.८५ ग्रॅम भरतें, अ‍ॅल्युमिनियम २.७० आणि मॅग्नेशियम १.७४. तेव्हां एकाच सांच्यांतलें जें चाक अ‍ॅल्युमिनियममध्यें ६ किलो भरेल तें मॅग्नेशियममध्यें ४ किलोच्या आंतच राहील. संशय राहिल्यास मागल्या बाजूस नखाएवढा भाग रंग काढून स्वच्छ करावा आणि त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. मॅग्नेशियम असल्यास लागलीच बुडबुडे येतात. अ‍ॅल्युमिनियम निवांत राहतें. थेंब लगेच पुसून टाकावा. परंतु खात्री करावयाची म्हणून कानशीनें घासणें, भोंक पाडणें किंवा आंच देणें हें घरीं सर्वस्वी वर्ज्य समजावें. अखंड चाक सहजासहजीं पेटत नाहीं, पण मॅग्नेशियमचा भुगा भयंकर जळतो आणि पाणी मारल्यास आग अधिकच भडकते. ११ जून १९५५ रोजीं फ्रान्समधील ल मां येथील शर्यतींत मर्सिडीझची जी गाडी प्रेक्षकांकडे उधळली गेली, तिच्या अंगावरचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. तो जळूं लागल्यावर त्यावर मारलेल्या पाण्यानें आगीस जोरच मिळाला. त्या अपघातांत ८० हून अधिक माणसें दगावलीं.

आतां प्रकृति. मॅग्नेशियमचा मोठा दोष हा कीं, तो ओलीनें आणि लोखंडाच्या संगतीनें झिजतो. पांढरी पूड उठलेली, पोपडे आलेले, बोल्टांच्या छिद्रांभोंवतीं खड्डे पडलेले, हीं त्याचीं लक्षणें. याहून वाईट म्हणजे डोळ्यांस न दिसणारी चीर. ती बहुधा आऱ्याच्या मुळाशीं किंवा बोल्टाच्या छिद्राशीं जन्म घेते. ती शोधण्यासाठीं धातूवर रंगीत द्रव लावून, पुसून, वर पांढरें चूर्ण फवारतात. चीर असल्यास तींतला रंग चूर्णांत रेघेसारखा उमटतो. खोलवरचा दोष पाहण्यासाठीं क्ष-किरणांचें चित्र घ्यावें लागतें. नागपूर-पुण्यासारख्या ठिकाणीं कारखान्यांचें काम करणाऱ्या परीक्षणशाळांतून हीं कामें होतात. या परीक्षेवांचून पन्नास वर्षांचें ओतीव मॅग्नेशियमचें चाक रस्त्यावर नेऊं नये. चाकांवर जुने टायर चढलेले असतील तर तेहि चालवूं नयेत. मात्र ते फेकण्यापूर्वीं त्यांच्या कडेवरील आंकडे उतरून घ्यावे. २००० सालापासूनच्या टायरांवर आठवडा व वर्ष चार अंकांत असतें, त्याआधींच्यांवर तीन अंकांत. चाक शेवटीं केव्हां फिरलें याचा अंदाज त्यावरून येतो.

विकण्यापूर्वीं चकचकीत करण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. रंगाच्या नव्या थराखालीं चीर झांकते, घासण्यानें ओतीव अक्षरें बुजतात, आणि जाणता गिऱ्हाईक रंगविलेल्या चाकाकडे अधिकच संशयानें पाहतो. ओल्या फडक्यानें धूळ पुसावी, कोरडें करावें, आणि चाकें जमिनीवर न ठेवतां लांकडी फळीवर ठेवावीं, इतकेंच पुरे. मधलीं झांकणें आणि मूळचे नट सांपडल्यास तेहि जपून ठेवावे. या चाकांस पुष्कळदां निराळ्या घाटाचे नट लागतात आणि तेच आधीं हरवतात.

किंमतीचा विचार याच्या मागाहून. तिचा तळ म्हणजे मोडीचा भाव. त्याखालीं कोणी जाऊं नये. भंगारवाला मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम एकाच काट्यावर घालतो, म्हणून त्याच्या तोंडचा आंकडा हा त्या तळाचाहि नेमका आंकडा नसतो. छत कोठें आहे तें आणखी सूक्ष्म आहे. मिनिलाइटच्या घाटाचीं नवीं अ‍ॅल्युमिनियमचीं चाकें आजहि बनतात. ज्याला केवळ गाडी चालवावयाची आहे तो नव्याच्या किंमतीहून अधिक कशास देईल? त्यावर जें कांहीं मिळतें तें केवळ जुनेपणाच्या सत्यतेबद्दल मिळतें, आणि म्हणून त्या अधिकाचें मोल पुराव्याइतकेंच असतें. चार चाकें एका मापाचीं, एका धातूचीं, जवळजवळच्या काळांतलीं असलीं तर जोड म्हणून त्यांची किंमत चार सुट्या चाकांच्या बेरजेहून अधिक येते. एक वेगळें निघालें कीं ती जोड मोडते. किंमत पाहतांना विक्रेत्यांनीं मागितलेले आंकडे न पाहतां लिलावांत प्रत्यक्ष हातीं पडलेले आंकडे पाहावे, आणि परदेशीं विकावयाचें झाल्यास पाठविण्याचा खर्च वजा करावा. मुंबईच्या चोरबाजारांत विचारलेला भाव आणि मुंबईंतल्याच व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबांतील जाणत्याचें मत, हीं दोन्हीं ऐकलीं म्हणजे सत्य कोठेंतरी मध्यें सांपडतें.

पुराव्याचें महत्त्व किती, तें इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या मोटारीवरून कळेल. त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन ड्युझेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याकडून सांगाडा चढवून घेतला. ती गाडी पुढें देश सोडून गेली, पण महाराजांचें नांव तिला सोडून गेलें नाहीं. आजहि ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. आपल्या घरच्या वस्तूस राजघराण्याचें नांव नसेल. पण खरेदीची पावती, बोटीच्या सामानाची यादी, गाडीजवळ उभें राहून काढलेलें एखादें छायाचित्र हें सारें त्याच जातीचें धन आहे.

आतां सावंगीच्या चाकांकडे वळूं. पत्रोत्तरीं आम्हीं वरील परीक्षा कळविल्या. त्यांचीं मापें आणि छायाचित्रें आलीं. पांचहि चाकें आठ आऱ्यांचीं, १० इंच व्यासाचीं, आणि चार छिद्रांचें वर्तुळ १०१.६ चें. मागें मिनिलाइटचीं अक्षरें आहेत. चार चाकांवर बुडबुडे आले. पांचवें शांत राहिलें आणि काट्यावर जड भरलें, म्हणजे तें अ‍ॅल्युमिनियमचें, मागाहून घेतलेलें असावें. मॅग्नेशियमच्या चारांपैकीं एकाच्या छिद्रापासून आऱ्याकडे केसाएवढी रेघ गेलेली दिसते. छायाचित्रावरून तिला चीर म्हणतां येत नाहीं, पण चीर नाहीं असें म्हणण्याचें धाडसहि कोणीं करूं नये. तात्पर्य, पूर्ण जोड आहे असें आज म्हणतां येत नाहीं. भंगारवाल्याचा आंकडा निश्चित खोटा आहे. पुण्याच्या बंधूंचा आंकडाहि पुराव्यावांचून पोकळ आहे.

पुतण्याच्या उत्साहाचें आम्हांस कौतुक वाटतें. काकांची गाडी शोधून काढणें ही साधी गोष्ट नव्हे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, व्यापारी उपयोगांत नसलेल्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळूं शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे; सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा; आणि अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणतां येते, नित्याच्या वापरास नाहीं. हें सारें त्यानें अवश्य करावें. परंतु गाडी चालवितांना तिला मूळचीं पोलादी किंवा नवीं, मानकाप्रमाणें बनलेलीं चाकें असावीं. मॅग्नेशियमच्या चाकांची परीक्षा होऊन तीं निर्दोष ठरेपर्यंत तीं गाडीशेजारीं मांडून ठेवावीं. पाहणाऱ्यांस तेवढ्यानेंहि आनंद होईल. रेघ असलेलें चाक तर परीक्षेची वाटहि न पाहतां भिंतीवरच टांगावें.

राहिली वांटणी. तिघांनीं एकेक चाक घेऊं नये. पलंग वांटावयाचा म्हणून कोणी एकेक खूर उचलून नेत नाहीं. एकानें सारीं घ्यावीं आणि इतरांस त्यांचा हिस्सा दुसऱ्या वस्तूंत लावून द्यावा, हा शहाणपणाचा मार्ग. परंतु त्याहि आधीं एक गोष्ट आहे, आणि तीच या पत्राला उत्तर देण्याचें आमचें मुख्य कारण आहे. मोटार आणि तिचीं चाकें काकांनीं स्वतःच्या कमाईंतून घेतलेलीं. पत्रावरून दिसतें कीं त्यांस मूल नव्हतें आणि मृत्युपत्रहि केलेलें नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें अशा मिळकतीवर पहिला हक्क पत्नीचा असतो. काकांच्या मातोश्री त्यांच्यामागें हयात नसतील तर पुतण्यांच्या वांटणींत हीं चाकें येतच नाहींत. तीं काकूंचीं आहेत. जी वस्तु आपली नाहीं तिच्या किंमतीवरून तीन भावांनीं एकमेकांकडे वांकड्या नजरेनें पाहावें, यासारखें दुर्दैव कोणतें?

शिवाय त्या चाकांविषयीं जें कोणास ठाऊक नाहीं तें काकूंस ठाऊक असण्याचा संभव आहे. तीं कोठल्या दुकानांतून घेतलीं, पांचवें निराळें कां, कागद कोणत्या पेटींत आहेत, हें त्यांना अजून कोणीं विचारलेलें दिसत नाहीं. ज्या वस्तूचा पुरावाच तिचें मोल ठरवितो, तिचा एकमेव साक्षीदार घरांतच स्वयंपाकघराच्या दाराशीं बसलेला आहे. वडील बंधूंनीं एक दिवस सवडीनें तीं पांचहि चाकें ओसरीवर मांडावीं, काकूंस खुर्ची द्यावी, पुतण्यास वही घेऊन बसवावें आणि त्या सांगतील तें तारखांसह उतरून घ्यावें. त्यानंतर चाकें ठेवावयाचीं, विकावयाचीं कीं पुतण्यास द्यावयाचीं, हें त्यांना ठरवूं द्यावें. त्यांनीं विकावयाचें ठरविलें तर योग्य गिऱ्हाईक शोधण्यासाठीं लागेल तें साहाय्य आम्ही आनंदानें करूं.